चोरमिनिटं

एक तास पन्नास मिनिटं पुरतील की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. एका विमानातून उतरायचं, दुसऱ्या विमानात बसायचं, आणि मधे एक तास पन्नास मिनिटं. साध्या माणसाने हे तिकीट काढून देणाऱ्या बाईला विचारलं असतं, ती म्हणेल त्याला मान डोलावली असती आणि घरी येऊन जेवून झोपला असता. पण मिनिटराव साधे नव्हते. बस डेपोत त्यांनी एकतीस वर्षं वेळापत्रकं लावली होती. कुठली गाडी कधी सुटणार हे ज्याने अख्ख्या शहराला सांगितलं, त्याला काल-परवा नोकरीला लागलेली पोरगी सांगणार, की थांबा किती हवा? छे!

मिनिटराव हे नाव डेपोतल्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि निवृत्तीच्या समारंभात तर खुद्द मोठ्या साहेबांनी भाषणात म्हटलं. त्याच समारंभात त्यांना एक जाडजूड शाईचं पेन मिळालं. चार वर्षं ते डबीतच पडून होतं, कारण सही करावी असा कागद निवृत्त माणसापुढे कोणी आणत नाही.

आता वेळापत्रकाच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. फलकावर दहा दहाची गाडी लिहिलेली असली, तरी ड्रायव्हरच्या कागदावर दहा सतरा असतं. मधली सात मिनिटं कुठेच छापलेली नसतात. पिशव्या सांभाळत धावत येणाऱ्यांसाठी, पंक्चरसाठी, चहाचा शेवटचा घोट न सुटणाऱ्या कंडक्टरसाठी ती राखून ठेवलेली असतात. डेपोत त्यांना चोरमिनिटं म्हणत. मिनिटरावांनी जन्मभर लोकांपासून चोरमिनिटं लपवली, आणि त्यातून त्यांची पक्की खात्री झाली की छापलेली वेळ कधीच खरी नसते. लग्नपत्रिकेवरची नाही, दवाखान्याच्या पाटीवरची नाही, औषधाच्या बाटलीवरची तर नाहीच नाही.

घरात याचा व्हायचा तो परिणाम झाला. सहाच्या कार्यक्रमाला हे गृहस्थ सव्वासहाला अंघोळीला जात. बायकोने वैतागून सहाचं पाच सांगायला सुरुवात केली. ते यांच्या दोन महिन्यांत लक्षात आलं, आणि ते मनातल्या मनात तासभर पुढे धरायला लागले. मग तिने सहाचं साडेचार केलं. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून हेच बघत मोठी झाली. बक्षीस समारंभ दहाला असला की ती घरी येऊन सांगायची, "बाबा, साडेआठला हं!" आणि बाबा दहा वाजून पाच मिनिटांनी, बरोब्बर आपल्या मनाने, येऊन बसायचे. पंचवीस वर्षं त्या घरात मिनिटरावांना कोणी खरी वेळ सांगितली नाही, आणि त्यांनी कोणी सांगितलेली वेळ खरी मानली नाही. गंमत म्हणजे संसार चालला होता.

मग मुलगी शिकायला परदेशी गेली, तिकडेच नोकरीला लागली आणि तिकडच्याच एका मुलाशी लग्न करणार म्हणाली. मिनिटरावांनी फोनवर जे बोलायचं नव्हतं ते बोलून घेतलं. त्यानंतर दोन वर्षं ती फक्त आईशी बोलायची. फोन वाजला की हे पेपर तोंडापुढे धरून बसत आणि एक पान वीस वीस मिनिटं वाचत.

आणि एका रविवारी बायको फोन घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "अहो, तुम्हाला देते म्हणतेय."

"बाबा," पलीकडून आवाज आला, "गुरुवारी, म्हणजे येत्या नाही, त्या पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, आमचं लग्न नोंदवतोय. दोन साक्षीदार लागतात. एक माझी मैत्रीण आहे. दुसरी सही तुमची हवी. सकाळी अकरा वाजता."

मिनिटराव म्हणाले, "बघतो."

एवढंच म्हणाले. आणि मग न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून, बराच वेळ तोंड धूत राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी कपाट उघडलं आणि पेनाची डबी काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते तिकीट कचेरीत गेले. तिथल्या बाईने कॉम्प्युटरवर बोटं नाचवली आणि म्हणाली, "काका, हे घ्या. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं. मधे चार तास पन्नास मिनिटं."

"चार तास पन्नास?" मिनिटरावांनी असं म्हटलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. "बाई, चार तास पन्नास मिनिटांचा थांबा मी लावला असता, तर लोकांनी डेपोला आग लावली असती."

"विमानतळ मोठा असतो, काका. सामान, तपासणी, रांगा. आणि एकच तिकीट असलं की पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनी करते. सामानही परस्पर पुढे जातं."

"मधे आणखी विमानं असतीलच की."

"आहे एक. एक तास पन्नास मिनिटांवर. पण ते दुसऱ्या कंपनीचं. वेगळं तिकीट होईल. सामान तुम्हाला स्वतः उतरवून घ्यावं लागेल, बाहेर येऊन पुन्हा द्यावं लागेल. त्यांचा काउंटर साठ मिनिटं आधी बंद होतो." तिने हात जोडायचे बाकी ठेवले होते. "नका घेऊ, काका. खरंच सांगते."

मिनिटरावांना तिचा आला तो रागच. पण त्याहून जास्त आला अभिमान. कारण साठ मिनिटं हा आकडा ऐकताच त्यांच्या अनुभवी कानांना आतली चोरमिनिटं ऐकू आली होती. डेपोच्या खिडकीवर ते स्वतः पाटी लावत, 'खिडकी सुटण्याआधी पंधरा मिनिटे बंद'. आणि गाडीचं इंजिन सुरू झाल्यावरही तिकिटं फाडत. साठ लिहिलंय म्हणजे तीस. हा सरळ हिशेब आहे, आणि तो त्या बिचारीला कोणी शिकवलेला नाही, असं त्यांना वाटलं. "विचार करून सांगतो," म्हणून ते उठले.

विचार त्यांचा झालेलाच होता. पण आपल्या मनासारखं कोणीतरी बोलेपर्यंत माणसाला चैन पडत नाही, म्हणून ते तळमजल्यावरच्या विमानकाकांकडे गेले. विमानकाका अकरा वर्षांपूर्वी एकदा विमानाने परदेशी जाऊन आले होते. त्यांच्या बॅगेच्या मुठीला तेव्हाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती आणि ती बॅग बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला दिसेल अशी ठेवलेली असे.

"एक तास पन्नास?" विमानकाका खुर्चीत मागे रेलले. "अहो, चैन आहे! मला तर सव्वा तास होता. त्यात मी कॉफी प्यालो, दाढी केली, दुकानं बघितली. आणि विमानात बसलो तरी सुटेना!"

"साठ मिनिटं आधी बंद होतो म्हणतात काउंटर."

"ते घाबरवायला. नवख्यांना."

झालं! मिनिटरावांना एवढंच ऐकायचं होतं. उरलीसुरली कसर मेहुण्याने भरून काढली. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कुठल्याही समारंभाला इतका आधी पोचणारा, की झाडणारी माणसं त्याला खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवत. तो म्हणाला, "भाऊजी, नऊ तासांचं घ्या. मी तर एक दिवस मुक्कामच केला असता." आता जिथे मेहुणा नऊ तास म्हणतो, तिथे सन्मान्य माणसाला पाच तासांवर समाधान मानता येईल का? मिनिटरावांनी त्याच संध्याकाळी दोन वेगळी तिकिटं सांगून टाकली.

"मुलीला विचारलंत का?" बायको म्हणाली.

"तिला काय विचारायचंय? ती तिथे पोचलेली आहे. तिला कनेक्टिंगचं काय माहीत?"

या उत्तराला काही अर्थ नव्हता, पण ते इतक्या जोरात दिलं गेलं की बायको कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

पुढचे पंधरा दिवस मिनिटरावांनी आलेखाच्या कागदावर तक्ता केला. विमानातून बाहेर, नऊ मिनिटं. चालणं, अकरा. पासपोर्टचा शिक्का, चौदा. सामान, बारा. पुन्हा काउंटर, सहा. एकूण बावन्न. बावन्न आणि तीस, ब्याऐंशी. एकशे दहातून ब्याऐंशी गेले, उरली अठ्ठावीस मिनिटं, तीही विमान कंपनीची आपली चोरमिनिटं सोडून! तक्त्याला त्यांनी लाल शाईने चौकट केली. मधल्या देशात उतरून बाहेर यायचं तर परवाना लागतो, हे तक्ता झाल्यावर कळलं. तो काढायला चार हेलपाटे झाले. पहिल्या खेपेला फोटोत कान दिसत नव्हते, दुसऱ्या खेपेला दिसत होते पण पार्श्वभूमी पांढरी नव्हती, तिसऱ्या खेपेला सगळं होतं तर तिथली बाई जेवायला गेली होती. "दीड वाजता येतील," शिपाई म्हणाला. मिनिटराव अनुभवाने दोनला गेले. ती दीडला येऊन, अर्ज घेऊन, पावणेदोनला खिडकी बंद करून गेली होती. इथे तरी माणसाने शहाणं व्हावं की नाही? पण मिनिटराव म्हणाले, "अपवाद!" आणि चौथा हेलपाटा घातला.

मुलीला कळवलं ते असं, की बुधवारी संध्याकाळी साडेसातला उतरतो, घ्यायला येऊ नकोस, आम्ही आमचे हॉटेलवर जाऊ, गुरुवारी थेट कचेरीतच भेटू. दोन वर्षांनी पहिल्यांदा समोर यायचं ते विमानतळावरच्या गर्दीत, चुरगळलेल्या कपड्यांत नको, एवढाच त्यांचा हेतू होता. सही करताना कसं उभं राहायचं हेसुद्धा त्यांनी आरशासमोर दोनदा बघून ठेवलं होतं. ते मात्र बायकोला माहीत नव्हतं. म्हणजे तिला माहीत होतं, पण ती बोलली नाही.

बुधवारी पहिलं विमान एक दहाला उतरायचं ते एक पस्तीसला उतरलं. "पंचवीस गेली," मिनिटराव म्हणाले, "अजून तीन हातात आहेत." दार उघडल्यावर कळलं की विमान इमारतीपासून लांब उभं आहे आणि बस येणार आहे. बस आली. एकतीस वर्षं बसच्या सान्निध्यात काढलेल्या माणसाला बसने दगा द्यावा, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. ड्रायव्हर सगळे उतारू चढेपर्यंत हलेना. "अहो, सोडा ना गाडी!" मिनिटराव ओरडले. त्यांच्यावर आजवर हजारो लोक हेच ओरडले होते, आणि त्यांनी त्या ड्रायव्हरइतकीच दाद दिली होती.

शिक्क्याच्या रांगेत पुढे एक शाळेची सहल होती. नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसाने फॉर्म परत ढकलला. 'या देशात कुठे राहणार' या रकान्यात मिनिटरावांनी 'कुठेही नाही' असं लिहिलं होतं, जे शंभर टक्के खरं होतं. "पत्ता लिहा." "अहो, मी राहणारच नाहीये!" "पत्ता लिहा." मागची माणसं चुळबुळ करायला लागली. शेवटी बायकोने फॉर्म ओढून घेतला आणि समोरच्या जाहिरातीतल्या हॉटेलचं नाव लिहून टाकलं. शिक्का बसला. खरं बोलणाऱ्याला पाच मिनिटं लागली आणि खोटं बोलणारीला दहा सेकंद, याचा मिनिटरावांना सामानाच्या पट्ट्यापर्यंत राग येत राहिला.

तरी काय सांगावं! दोन चोवीसला ते दोघं, दोन बॅगा आणि एक पिशवी यांच्यासकट दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपुढे उभे होते. विमान तीनला. मिनिटरावांच्या हिशेबाने अजून सहा मिनिटं बाकी होती. त्यांना धाप लागली होती, पण चेहऱ्यावर विजय होता. त्यांनी बायकोकडे बघून भुवई उडवली.

काउंटरवरची मुलगी कागद आवरत होती. "बंद झालं," ती म्हणाली.

"दोन चोवीसच झालेत."

"दोनला बंद झालं. साठ मिनिटं आधी. तिकिटावर छापलंय."

"छापलंय ते ठीक आहे हो," मिनिटराव पुढे झुकले आणि एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "पण खरी वेळ किती? मी याच लाइनीतला आहे. एकतीस वर्षं. आपल्यात काही लपवायला नको. तुमच्याकडची राखीव मिनिटं किती असतात?"

मुलीला ते काय विचारतायत तेच कळेना. कळलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे नसतात."

"असं कसं? ते बघा, विमान समोर उभं आहे! मला काचेतून दिसतंय!"

"हो. तीनला जाईल."

आणि ते तीनला गेलं. तीन वाजून एक मिनिटाने नाही, तीनला. मिनिटराव काचेला कपाळ लावून बघत होते. इतक्या वेळेवर सुटणारी गाडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि एका कोपऱ्यात त्यांचं मन म्हणालंही, वा! दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःचीच चीड आली.

बाकावर बसल्यावर बायको म्हणाली, "विमानकाकांना चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं होतं त्यांनी. सगळ्या रांगा सोडून थेट आत. त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मिनिटराव उठून चौकशी करून आले, तर त्या तिकीटवाल्या बाईने सुचवलेलं संध्याकाळचं विमान भरलेलं होतं. जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या, नऊ पन्नासला तिकडे उतरणाऱ्या विमानात. बायकोने पर्समधून फोन काढला. "मी तिला कळवते."

"नको."

"अहो, उद्या अकराला आहे! काही उशीर झाला तर तिने काय समजायचं?"

"अकरा सांगितलंय ना तिने? म्हणजे बारा. मला सांगितलंय म्हणजे बाराच. आपलीच पोरगी आहे. साडेआठ सांगून दहाला बक्षीस घेणारी." मिनिटराव हसले, पण ते हसणं काही जमलं नाही. "दोन वर्षांनी तिने मला बोलावलंय. आणि पहिली बातमी काय द्यायची, तर वेळापत्रकवाल्या बापाची गाडी चुकली? तू लिही, सुखरूप पोचलो. उद्या भेटू."

"कुठे पोचलो?"

"कुठे ते लिहू नकोस."

बायकोने चष्मा लावला. मग लिहिलं. लगेच उत्तर आलं. 'बरं वाटलं. बाबांना सांग, उद्या वेळेवर या. मी खूप घाबरलेय.' बायकोने ते त्यांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन परत देताना पेनाची डबी जागेवर आहे का ते चाचपून बघितलं.

दुसऱ्या दिवशी विमान नऊ पन्नासला उतरलं, आणि सव्वादहाला ते सामानासकट बाहेर होते. शहर पाऊण तासावर. त्या क्षणी टॅक्सीत बसले असते तर अकराला दारात उभे राहिले असते. हे मिनिटरावांना पुढे कायम आठवणार होतं, कारण त्या क्षणी त्यांनी खाली बघितलं. पहाटे डबीतून काढून खिशाला लावलेल्या पेनाने विमानात शाई ओकली होती. पांढऱ्या शर्टावर, बरोब्बर काळजाच्या जागी, तळहाताएवढा निळा डाग.

"असू दे," बायको म्हणाली, "कोट घाला वरून. चला आधी."

"असल्या अवताराने सही करू? तिच्या सासरच्यांसमोर?" त्यांनी बॅग उघडली. दुसरा शर्ट तळाशी होता. तो चुरगळला होता. स्वच्छतागृहात गरम हवा सोडणारं यंत्र होतं, त्याच्यापुढे त्यांनी तो धरला. हाताची शाई जाईना, ती घासली. पेन धुतलं, बॅगेतल्या दौतीतून पुन्हा भरलं. बायको दाराबाहेर उभी राहून हाका मारत होती आणि आतून उत्तर येत होतं, "अगं, बाराला आहे! बाराला!" ते बाहेर आले तेव्हा दहा पंचावन्न झाले होते. शर्ट मात्र कडक होता.

टॅक्सीत बायकोचा फोन वाजायला लागला. अकरा तीन. "घेऊ नको," मिनिटराव म्हणाले, "पाच मिनिटांत पोचतो म्हटलं की विचारेल कुठे आहात, मग सगळंच सांगावं लागेल." तो सव्वाअकरापर्यंत सहा वेळा वाजला. सातव्यांदा बायको घ्यायला गेली तेव्हा तो बंद पडला. आदल्या दिवसापासून चार्जच केला नव्हता.

नोंदणी कचेरी म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, आणि समोर टेबल. बारा वाजायला वीस मिनिटं असताना मिनिटराव कोट सारखा करत, हातात पेन घेऊन, आत शिरले. आरशासमोर ठरवलेला चेहरा त्यांनी केला होता.

टेबलापुढे भलतंच जोडपं उभं होतं. मुलगी बाजूच्या खुर्चीवर बसली होती. साधीच साडी, केसांत काही नाही. शेजारी जावई आणि मैत्रीण. आई दिसताच ती उठली आणि तिच्या गळ्यात पडली. मग तिने बापाकडे बघितलं.

"कुठे सही करू?" मिनिटराव म्हणाले.

"झालं, बाबा."

"झालं म्हणजे?"

"अकराची वेळ होती. साहेबांनी वीस मिनिटं थांबवून ठेवलं. पुढच्यांची वेळ झाली, मग त्यांचाही इलाज नव्हता. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. त्याने सही केली."

"पण अकरा म्हणजे," मिनिटराव म्हणाले, "मला वाटलं, तू सांगितलंस अकरा म्हणजे..."

"अकरा म्हणजे अकरा, बाबा." तिचा आवाज चढला नाही, ते चढण्यापेक्षा वाईट होतं. "सगळे म्हणत होते, त्यांना दहा सांग. आईसुद्धा म्हणाली होती. मी म्हटलं, नाही. माझं लग्न आहे. आज तरी बाबांना खरी वेळ सांगते."

 मग तिने विचारलं, "हॉटेलवरून इथे यायला इतका वेळ कसा लागला?" आणि मग आईचा चेहरा बघून, दाराशी ठेवलेल्या बॅगा बघून, त्यांना लटकलेल्या आजच्या चिठ्ठ्या बघून तिचं तिलाच कळलं. "काल फोन करायचा होता ना. एवढंच करायचं होतं. दुपारी तीनची वेळ रिकामी होती. मी विचारून ठेवलं होतं, तुमच्यासाठीच."

तेवढ्यात दारातून एक घामाघूम माणूस आत आला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना काळं. त्याच्या हातात दाखल्याच्या चार प्रती होत्या. "ताई, या घ्या. माझ्याकडून," तो म्हणाला, "साक्षीदार आहे ना मी!" आणि हा कोण नवा पाहुणा म्हणून त्याने एक प्रत मिनिटरावांच्याही हातात दिली, त्यांचं अभिनंदन केलं आणि दुकानात गिऱ्हाइक आहे म्हणून पळाला.

मिनिटरावांनी कागद बघितला. दुसऱ्या साक्षीदाराच्या रेघेवर बॉलपेनने केलेली तिरकी सही होती, घाईत केलेली, रेघेच्या बाहेर गेलेली. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि पेन त्याच्या डबीत ठेवून दिलं.

मुलगी वाईट वागली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं. ती वाईट वागली नाही. तिने हॉटेलवर पोचवलं, खोलीतला पंखा कुठून लावायचा ते दाखवलं, गुडघ्याला लावायचं औषध आणून दिलं. निघताना म्हणाली, "बाबा, उद्या दुपारी त्याच्या घरच्यांबरोबर जेवायचंय. गाडी घेऊन येते. बाराला खाली या."

"बाराला," मिनिटराव म्हणाले.

ती आईबरोबर बाहेर पडली. दार पूर्ण लागलं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी तिचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "आई, एकला येते. तू एकला उतर."

शुक्रवारी मिनिटराव बारा वाजायला पाच मिनिटं असतानाच खाली आले. अंगात कडक शर्ट होता. बायको वर होती, तिला म्हणे अजून तयार व्हायचं होतं. ती आरशात न बघताच म्हणाली होती, "तुम्ही व्हा पुढे." ते खालच्या दिवाणखान्यात, दरवाजा समोर दिसेल अशा खुर्चीत, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. बारा वाजले. सव्वाबारा झाले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

काउंटरवरच्या माणसाला दया आली असावी. "कोणाची वाट बघताय?" त्याने विचारलं.

"मुलीची."

"किती वाजता येणार होत्या?"

"बारा."

त्याने घड्याळाकडे बघितलं. "मग उशीर झाला की त्यांना."

"छे, छे," मिनिटराव म्हणाले, "ती अगदी वेळेवर येईल. एक वाजता."

काउंटरवरचा माणूस काही न कळून हसला आणि आपल्या कामाला लागला. मिनिटराव बसून राहिले.